मास्तरांचा चौथा अंक

"थांबा! पुढचं सांगू नका."

कोणी काही हकीकत सांगू लागला आणि ती रंगात आली, की मास्तर उजवा पंजा त्याच्या तोंडासमोर उभा धरायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "आता तो काय करील ते माझं मी बघतो." सांगणारा तोंड उघडं ठेवून बसायचा. न्हाव्याच्या भावाभावांमधली भांडणं, दूधवाल्याच्या सुनेचं रागावून माहेरी जाणं, आमच्या शेजारच्या आजोबांनी ऐन वेळी काशीयात्रा रद्द करणं, यातलं एकही मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तुम्ही-आम्ही हकीकत ऐकतो ती पुढं काय झालं ते कळावं म्हणून. मास्तरांना नेमकं तेवढंच नको असायचं.

गेल्या महिन्यात ते वारले. ठाण्यात त्यांच्यासाठी सभा झाली. तीत एका वकिलांनी त्यांना स्त्रियांचं दुःख जाणणारा नाटककार म्हटलं, असं ऐकलं. मीही दोन शब्द बोलावेत असा निरोप आला होता, कारण त्यांच्या पहिल्या नाटकातली नायिका मी होतो. मी पोट बिघडल्याचं सांगून घरी बसलो. ती काही थाप नव्हती. त्या माणसाची आठवण निघाली की मला अजून मळमळतं. आणि वाचनाची गोडी मला त्याच माणसानं लावली. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही सांगतो. नाव तेवढं सांगत नाही. ठाण्यातली जुनी मंडळी ओळखतीलच.

मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. तळ्यामागच्या आळीत आमच्या समोरचंच त्यांचं घर. अंगानं किरकोळ, पगडी मात्र दोन डोक्यांना पुरेल एवढी. उपरण्याच्या टोकाला कायम शेंगदाणे बांधलेले असायचे, आणि बोलता बोलता ते समोरच्याला चार दाणे देऊन स्वतः एक खायचे. मी बारा वर्षांचा असताना विषमज्वरानं एकवीस दिवस अंथरुणाला खिळलो होतो. मास्तर रोज शाळा सुटल्यावर यायचे, उशाशी बसून गोष्ट वाचायचे आणि शेवटाआधी पुस्तक मिटायचे. "उरलेली तू मला उद्या सांग," म्हणायचे. मी रात्रंदिवस त्या शेवटाचाच विचार करायचो. माझी आई म्हणे, वैद्याच्या काढ्यानं नाही, मास्तरांच्या गोष्टींनी पोर वाचलं. असा माणूस. मी त्यांना देव मानत होतो यात नवल काय?

मोठेपणी मी कलेक्टर कचेरीत उमेदवारी करू लागलो, तोवर मास्तरांच्या गोष्टी पुण्याच्या एका मासिकात येऊ लागल्या होत्या. ओट्यावर बसून ते आम्हाला त्याचं शास्त्र समजावून सांगायचे.

"अनंता, गोष्ट म्हणजे काय रे? माणसाला दोन दारांच्या मध्ये उभं करायचं. या दारातून गेला तरी चटका, त्या दारातून गेला तरी चटका. एकीकडे बाप, एकीकडे बायको. एकीकडे मित्र, एकीकडे खरं बोलणं. मग म्हणायचं, निवड बाबा! तो निवडतो तिथं त्याची जात कळते."

"आणि नाहीच निवडलं तर?" मी विचारायचो.

"मग तो गोष्टीतला माणूस नव्हे. घरी जाऊन झोपू दे त्याला."

आम्ही हसायचो. खडवलीच्या गाडीवानाच्या वेळीही आम्ही हसलोच होतो. तो मास्तरांकडे गवताच्या पेंढ्या टाकायला यायचा. एकदा ओट्यावर टेकून सांगू लागला की ऐन नांगरणीत त्याचा बैल मेला, शेजाऱ्याशी तीन वर्षं अबोला, शेजाऱ्याकडे एकच जोडी, आणि पाऊस तर तोंडावर. झालं, मास्तरांचा पंजा उभा राहिला. पुढे मासिकात गोष्ट आली. तिच्यात शेजारी दार लावून घेतो, गाडीवान स्वतः जू ओढता ओढता मरतो आणि शेजारी जन्मभर पस्तावतो. खडवलीच्या तलाठ्यानं ती हौसेनं देवळात वाचून दाखवली. चार दिवसांनी गाडीवान ठाण्यात हजर.

"मास्तर, काय केलंत ओ? त्यानं त्याची जोडी मला दिल्ती! सोता मागं रायला. आता आख्खा गाव त्याला हसतो."

"अरे, पण बैल दिले की गोष्ट तिथंच संपते."

"संपूं दे ना मंग!"

मास्तरांनी त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले. त्यानं ते ओट्यावर ओतले आणि गाडी हाकून निघून गेला. नंतर कित्येक दिवस आम्ही "संपूं दे ना मंग" म्हणून एकमेकांना चिडवत होतो. तेव्हाच आमच्यापैकी एकाला तरी लाज वाटायला हवी होती.

आता यमूची गोष्ट. ती मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बरीचशी सगळं होऊन गेल्यावर. तुम्हाला मात्र ती क्रमानं सांगतो.

यमू आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. आमच्या दोन घरांत मिळून एकच विहीर होती. तिच्या वडिलांनी आम्हा दोघांना ओसरीवर एकाच पाटीवर अक्षरं शिकवली. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, तिचं टपोरं. तिचा 'य' तर इतका डौलदार की वडील तो चार जणांना दाखवायचे. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि अकराव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. वडील म्हणाले, मी आहे तोवर हिच्या केसांना न्हाव्याचा हात लागणार नाही. ते होते तोवर लागला नाही.

ते गेल्यावर घर तिच्या भावाच्या हाती आलं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. माणूस दुष्ट नव्हता, पण चार लोकांना फार भिणारा. दादाच्या मुलाची मुंज वैशाखात ठरली आणि सासुरवाडीकडून निरोप आला, की घरात केस राखलेली विधवा असेल तर आम्ही तुमच्याकडे पाणीसुद्धा पिणार नाही. दादानं मान खाली घालून कबूल केलं. मुंजीआधी यमूला नाशिकला न्यायचं आणि तिचे केस उतरवून आणायचं ठरलं. तेव्हा यमू एकवीस वर्षांची होती.

कल्याण स्टेशनात त्या वेळी एक तारमास्तर होते. यमूच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले, विधुर, पदरी तीन वर्षांची मुलगी. त्यांनी आमच्या मास्तरांना पत्र लिहिलं, की यमूशी पुनर्विवाह करायची माझी तयारी आहे, आपण सुधारक विचारांचे आहात, तेव्हा आपणच तिला विचारावं. चैत्राअखेर माझी भुसावळला बदली होत आहे, त्याआधी उत्तर कळावं. टपालानं उत्तर पाठवणं यमूला शक्य नव्हतं. टपालवाला आळीतलाच, आणि दादाच्या हातात आधी पडल्याशिवाय त्या घरातून चिठोरासुद्धा बाहेर जात नव्हतं.

मास्तरांनी ते पत्र एका पुस्तकात घालून यमूला दिलं. तिनं आठ दिवस विचार केला. आठ दिवस म्हणजे काय ते तुम्ही मनात आणून पाहा. पुनर्विवाह म्हणजे भावाचं घर कायमचं बंद, आळी बंद, आईवडिलांच्या श्राद्धाला पाय ठेवायची चोरी. आणि नाही म्हटलं तर वैशाखात नाशिक. मास्तर म्हणायचे ती दोन दारं ती हीच. फक्त त्यांच्या मध्ये खरीखुरी बाई उभी होती.

आठव्या दिवशी तिनं पुस्तक परत केलं. आत तारमास्तरांच्या नावाचं पत्र होतं, भाताच्या शितानं चिकटवून बंद केलेलं.

"मास्तर, एवढं त्यांच्या हातात पडू दे. मी पुष्कळ विचार करून…"

"थांब! सांगू नकोस." पंजा उभा राहिला.

यमूला वाटलं, केवढा हा सभ्यपणा. परक्या बाईच्या मनातली गोष्ट ऐकायचीही या भल्या माणसाला लाज वाटते. हे तिनं पुढे मला सांगितलं तेव्हा ती हसली होती. ते हसणं तुम्ही न पाहिलेलंच बरं.

मास्तरांनी पत्र खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवलं. कारण एकच, त्याच आठवड्यात त्यांनी नाटक लिहायला घेतलं होतं. एक तरुण विधवा, एक भला विधुर, त्याचं मागणीचं पत्र आणि तिचा पेच. नायिका पुण्याची केली, नाव बदललं, भावाच्या जागी दीर घातला. तीन अंक झरझर झाले. चौथ्या अंकात ती काय करील ते ठरेना. पोस्टाची पेटी मास्तरांच्या शाळेच्या वाटेवर होती. कल्याण आगगाडीनं तासाभराच्या आत. पण पत्र पोचलं असतं तर खऱ्याचं काय झालं ते आळीभर कळलं असतं, आणि खरं कळलं की मास्तरांच्या हातून लिहून होत नसे. म्हणून पत्र खिशात.

नाटक करणारे आम्ही आळीतले सात-आठ हौशी. नायिका माझ्याकडे आली, कारण माझा आवाज बारीक. अडचण एकच होती, मिशीची. माझे वडील हयात होते, आणि बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे बापाला जिवंतपणी तिलांजली. वडिलांनी तर वस्ताऱ्यासमोर उभं राहून विचारलं, "मी मेलो असं जाहीर करायचं आहे का तुला?" मास्तरांनी तोड काढली. नायिकेनं सगळं नाटकभर पदर ओठांवर धरायचा. पुढे एका वर्तमानपत्रानं त्या पदराची फार वाखाणणी केली. असा विनय इतर मंडळ्यांतल्या स्त्रीपात्रांत दिसत नाही, असं लिहिलं होतं.

तालमी भाताच्या एका वखारीत व्हायच्या. भात विकून ती रिकामी झाली होती, तुसानं नाक चोंदायचं. रोज तीन अंक झाले की आम्ही गोल बसायचो आणि मास्तर विचारायचे, "मग? ती काय करील?" प्रत्येकानं आपलं मत द्यायचं. दिराचं काम करणारा म्हणाला, जीव देईल. मास्तर म्हणाले, मरणं सोपं, निवडू दे तिला. मी म्हणालो, लग्न करील. "आणि प्रेक्षक?" मास्तरांनी विचारलं. "प्रेक्षक घरी जाऊन काय म्हणतील? या बाईला नवरा हवा होता, मिळाला. संपलं. यात तिनं सोडलं काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. गूळ-शेंगदाणे खात आम्ही एका बाईचा निकाल लावत होतो. ही बाई यमू आहे हे मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. थोडं कळलं होतं. पण काम मोठं होतं, आणि मला ते आवडत होतं.

शेवटी चौथा अंक ठरला. विधुराचं पत्र येतं. ती ते फोडते, मनात वाचते, आणि नवऱ्याच्या खडावांसमोर फाडून टाकते. तालमीत मी रोज कोरे कागद फाडत असे. मास्तर पडद्याआडून बोटांनी दहापर्यंत मोजायचे, तोवर वाचायचं, मग वाक्य, मग चार तुकडे.

त्या दिवसांत तारमास्तर दोनदा कल्याणहून येऊन मास्तरांना भेटून गेले. काळा कोट, हातात छत्री, बोलणं हळू. मास्तरांनी त्यांना थांग लागू दिला नाही. दुसऱ्या वेळी नाटकाचा पास त्यांच्या हातात ठेवून म्हणाले, "रविवारी प्रयोगाला याच. आल्यावर सगळं ध्यानात येईल." मास्तरांच्या मनात एवढंच होतं, की असा मनापासून पाहणारा प्रेक्षक पुढच्या रांगेत हवा. त्या बिचाऱ्यानं त्या वाक्याचा काय अर्थ घेतला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. लोकांच्या मनातलं लिहिणाऱ्या माणसाच्या मनात ते आलं नाही!

प्रयोग रविवारी दुपारी चारला लागला. वखारवाल्याला आत दिवट्या नको होत्या, म्हणून दिवसाउजेडीच. पुढे पुरुष, मागे चिकाच्या पडद्याआड बायका. दादा घरच्या बायकांना घेऊन आला होता. मास्तरांनीच त्याला आग्रह केला होता, की नाटक बोधपर आहे, बहिणीला अवश्य आणा.

तीन अंक चांगले झाले. चौथ्याला मी बाहेर जाणार तोच मास्तरांनी माझ्या हातात घडी केलेलं पत्र ठेवलं.

"आज हे घे. कोऱ्या कागदाला वजन नसतं. हे बंद आहे. फोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे."

मी खडावांसमोर बसलो. पत्र फोडलं. शीत वाळून घट्ट झालं होतं, आवाज चांगला आला. पदर ओठांवर धरून मी वाचू लागलो. पडद्याआड मास्तरांची बोटं मोजत होती. "आपले पत्र पोचले. मी पुष्कळ विचार केला. माझी तयारी आहे. आपल्या मुलीला माझ्याकडून पापा द्यावा. आपण येऊन दादांशी बोलावे, मी दाराआड उभी राहीन आणि विचारले तर हो म्हणेन." खाली सही होती, आणि सहीतला 'य' मी पाटीवर लहानपणापासून पाहत आलो होतो.

दहा झाले. माझ्या तोंडातून वाक्य निघालं, "हे पत्र नव्हे, हा मोह आहे!" हात उठले. चाळीस तालमींची सवय होती त्यांना. पहिल्या फाडीला मला काही समजलं नाही, असं म्हणता येईल. दुसऱ्या फाडीला समजलं होतं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि मी चार तुकडे पुरे केले. हे माझं मी कुणावर ढकलू?

टाळ्यांत मी मान वर केली. पुढच्या रांगेतले तारमास्तर उभे राहिले होते. त्यांनी छत्री उचलली, शेजारच्याला वाट द्यायची खूण केली आणि ते निघून गेले. चिकाच्या पडद्याआड काय झालं ते मला दिसलं नाही.

पडदा पडल्यावर मास्तर धावत आले. डोळ्यांतून खरंच धारा लागल्या होत्या. "पाहिलंस, अनंता? वखार रडली रे, वखार!"

"मास्तर, ते यमूचं पत्र होतं."

"होय. म्हणून तर तुझ्या हातांत जीव आला."

"तुम्ही ते पोचवलं नाहीत?"

"पोचवणारच होतो. अंक उरकला की. मग वाटलं, आता कशाला?" मग छातीला हात लावून म्हणाले, "पण मी ते वाचलेलं नाही हं. दुसऱ्याचं पत्र फोडण्याइतका नीच मी नव्हे."

मी नेसत्या लुगड्यानिशी त्यांचं उपरणं धरलं. "ते गृहस्थ उठून गेले. नाटकात पाहिलं तेच तिचं उत्तर असं समजून गेले."

"मग झालं की. उत्तर मिळालं त्यांना."

"मास्तर, ती हो म्हणाली होती!"

मास्तर थांबले. एवढ्या वर्षांत त्यांना मी प्रथमच एखाद्या हकीकतीचा शेवट सांगत होतो, आणि पंजा उभा करायची त्यांना सवडच मिळाली नाही. त्यांनी डोळे पुसले. मग हळूच, मला समजावल्यासारखे म्हणाले, "असेल. पण लोकांना ते पटलं नसतं."

मला तिथंच ओकारी झाली. मंडळींना वाटलं, उपाशीपोटी काम केल्यानं झालं असेल. मास्तरांनी स्वतः माझं डोकं धरलं, तांब्यानं पाणी दिलं आणि मायेनं पाठ चोळली. त्या हाताची मला इतकी किळस आली, की घरी जाऊन मी पाठ राखेनं घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमू विहिरीवर पाणी शेंदत होती. मी आमच्या बाजूनं जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पत्र खिशात राहिलं ते, आणि मी फाडलं ते.

"मी आत्ताच्या आत्ता कल्याणला जातो," मी म्हणालो. "बुधवारी ते भुसावळला जाणार, तोवर तिथंच आहेत. खरं काय ते सांगतो."

तिनं पोहरा वर ओढला, घागरीत ओतला. "त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं?"

"हो."

"मग तिथून आमचं घर किती लांब होतं रे?"

मी वखारीच्या दिशेनं पाहिलं.

"वाटेवर होतं," ती म्हणाली. "येऊन दादाला विचारलं असतं तर मी दाराआड होतेच. तसं लिहिलंही होतं. तेवढं वाचायला मिळालं नाही त्यांना, कबूल. पण माझं उत्तर ज्यांना एका मिशीवाल्याच्या तोंडून चाललं, त्यांच्या घरी जाऊन मी काय करू?"

"यमू, रागानं बोलू नकोस. जाऊ का?"

"नको."

ती घागर कमरेवर घेऊन आत गेली. त्या 'नको'मध्ये निम्मा राग होता, आणि राग उतरायला दोन दिवस पुरे झाले असते. हे कळण्याइतका मी मोठा होतो. बुधवारपर्यंत दिवसाला चार गाड्या कल्याणला जात होत्या. मी एकीतही चढलो नाही. तिनं नको म्हटलं म्हणून गेलो नाही, असं मी सांगत आलो. खरं म्हणजे तिनं नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दादा, आळी, माझे वडील, कचेरीतली कायम व्हायची नोकरी, सगळ्यांपासून सुटलो. मास्तरांना मी नीच म्हणतो तेव्हा हे माझ्या ध्यानात असतं, आणि तरीही म्हणतो.

तारमास्तर भुसावळला गेले. पुन्हा त्यांचं काही कानावर आलं नाही.

वैशाखाच्या आरंभी दादा यमूला नाशिकला घेऊन गेला. परत आली तेव्हा तांबडं आलवण आणि त्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी विहिरीवर जायची वेळ बदलली. मुंज थाटात झाली, सासुरवाडीची मंडळी पोटभर जेवून गेली. मास्तरांच्या बायकोनं माझ्या आईला सांगितलं, की हे घरात दिसले की ती पोर आता पुस्तक मागायला येत नाही, काय बिनसलं कळत नाही. त्या बिचारीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिला कोण सांगणार?

नाटक मात्र गाजलं. कल्याणला झालं, पनवेलला झालं. मी काम सोडलं, दुसरा मुलगा उभा राहिला. मास्तर प्रत्येक प्रयोगाला पडद्याआड उभे राहून चौथ्या अंकाला रडायचे. लबाडीनं नव्हे. त्यांना खरंच भरून यायचं, आणि मला सगळ्यात घाण वाटते ती त्याचीच. समोरच्याच ओळीत जी पहाटे उठून भावाच्या घरची भांडी घासत होती, तिच्यासाठी त्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नाही. आपण लिहिलेल्या बाईसाठी मात्र घागरीच्या घागरी.

ज्येष्ठात नाटक छापायचं ठरलं. मास्तर स्वच्छ लिहून काढलेली वही रेशमी फडक्यात बांधून मुंबईला छापखान्यात द्यायला निघाले. मी कचेरीला जायला ओट्यावरून उतरत होतो. त्यांच्या बायकोनं हातावर दही घातलं. मास्तरांनी देवाला नमस्कार केला, वही कपाळाला लावली, उजवं पाऊल पायरीखाली टाकलं, आणि समोरून यमू आली. तळ्याकडून येत होती, हातात धुण्याची बादली.

मास्तर जागच्या जागी थांबले. चेहरा उतरला. बाहेर टाकलेला पाय त्यांनी पुन्हा पायरीवर घेतला, मागे वळले आणि वही छातीशी धरून घरात गेले. कामाला निघताना विधवा समोर आली, आता टेकून, पाणी पिऊन, नव्यानं निघायला हवं.

यमूनं ते पाहिलं. तिनं बादली खाली ठेवली. वाटेत आपण नसावं म्हणून ती आमच्या कुंपणाच्या भिंतीपाशी सरकली आणि पाठ फिरवून, तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. मी दहा हातांवर होतो.

मास्तर पाणी पिऊन बाहेर आले. आधी दारातूनच वाकून पाहिलं. भिंतीकडे वळलेली ती पाठ दिसली तशी त्यांची मुद्रा खुलली. ते झपाझप खाली उतरले, माझ्याजवळून जाताना थबकले, उपरण्याच्या गाठीतून चार शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि तिच्याकडे मान करून कौतुकानं म्हणाले,

"पोर मोठी समजूतदार आहे हो."